आधी वाचून दाखव, मग हलवा

बाईंनी गहू भिजत घातले, की आमच्या इमारतीत एकच चौकशी सुरू व्हायची: कोणासाठी?

गहू चिकाच्या हलव्यासाठी असत. ते भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा आणि नारळाच्या दुधात साखर घालून घोटत बसायचं. एवढा कुटाणा बेने इस्राईल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांत एरवी नव्या वर्षाला करतात. बाई तो वर्षभर करत, आणि फक्त अपराध्यांसाठी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी एखाद्या धर्मावर, जातीवर, प्रांतावर विष ओकणारा मेसेज पुढे ढकलला, की बाई ग्रुपवर एक अक्षर लिहीत नसत. फोन उपडा ठेवत, स्वयंपाकघरात जात आणि गव्हाचा डबा काढत. हलवा होईपर्यंत त्या माणसाला जिन्यात भेटणारा प्रत्येक जण 'बोलावणं आलं का?' विचारी. शिक्षेचा मोठा भाग तिथेच भोगून होई.

बोलावणं आलं की माणूस तिसऱ्या मजल्यावर जाई. खिडकीजवळच्या खुर्चीत बसे. समोर स्टुलावर झाकलेली वाटी. बाई चष्मा लावून पुढ्यात बसत आणि म्हणत, "आधी वाचून दाखव, मग हलवा."

मेसेज त्याचाच, फोन त्याचाच. पहिली ओळ माणसं ठणठणीत वाचत. दुसऱ्या ओळीला आवाज बसे. बाई मधेमधे विचारत. "'हे लोक' म्हणजे कोण? नाव सांग." "'सगळे' म्हणजे मला धरून की सोडून?" तिसऱ्या ओळीच्या आसपास बहुतेक जण पाणी मागत. पाणी मिळे. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय हलवा मात्र मिळत नसे. वाचला की मिळे, आणि मग त्या विषयावर बाई एक शब्द बोलत नसत. हलवा उत्तम असे.

मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर होतो आणि वाशीतल्या त्या घराची रस्त्याकडची खोली बाईंनी मला भाड्याने दिली होती. त्या मला 'पेपरवाल्या' म्हणत. ही पद्धत कुठून आली, हे मी एकदा विचारलं. त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमधून आली असं सांगितलं. बाईंची सगळी नोकरी ट्रंक कॉल जोडण्यात गेली होती. कॉल लागायला वेळ लागला की लोक ऑपरेटरला वाटेल ते बोलत. असाच एक गृहस्थ त्यांना रोज बोलायचा. एक दिवस तो तक्रार घेऊन ऑफिसात आला. बाईंनी आवाजावरून ओळखला. "काल काय म्हणालात, ते एकदा समोर म्हणा," त्या म्हणाल्या. तो म्हणाला, "छे छे, ताई, चहा घेणार का?"

"तारेवर माणूस वाघ असतो," बाई म्हणत. "तोंडासमोर आला की चहा विचारतो. आता तार गेली, फोन हातात आला. वाघ वाढलेत. चहा मलाच करावा लागतो."

घराच्या दाराच्या उजव्या चौकटीवर बोटाएवढी एक तिरकी डबी ठोकलेली होती. तिला मेझुझा म्हणतात. आत धर्मग्रंथातल्या ओळींचा कागद असतो. येणारा प्रत्येक कुरिअरवाला ती दाबायचा. बाई आतून ओरडत, "ती बेल नाही, देवाचा शब्द आहे! बेल डावीकडे!" डावीकडची बेल बंद होती.

त्या कोण, हे इमारतीला बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. नव्या बिऱ्हाडकरूने विचारलं, "मावशी, तुम्ही पारशी का?" की त्या म्हणत, "पारशी नाही, ख्रिश्चन नाही. आम्ही अलिबागचे." त्यांचे पूर्वज कोकणात घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली नाव दिलं होतं. धर्माची याहून जास्त चौकशी गावाने केली नव्हती. बाईंना ही चौकशीची पातळी पसंत होती.

सोसायटीचे सेक्रेटरी जाधव. मूळचे साताऱ्याकडचे, मसाला मार्केटात व्यापारी. त्यांना बाईंबद्दल आदर होता आणि तोच बाईंना सहन होत नसे. एकदा लिफ्ट बंद असताना जिन्यात त्यांनी बाईंना गाठलं.

"मावशी, तुमची लोकं लय हुशार. सगळं जग तुमच्या हातात हाय म्हनत्यात."

बाई दुसऱ्या मजल्यावर धाप टाकत उभ्या होत्या. "जग माझ्या हातात असतं, जाधव, तर ही लिफ्ट चालू असती."

"आवं, कौतुकानं म्हनलो."

"हे कौतुक नाही. शिवीच आहे, फक्त इस्त्री करून आणलीय. आज म्हणायचं जग यांच्या हातात, उद्या म्हणायचं काढून घ्या."

जाधवांना ते पटलं नाही. त्यांनी बाईंना खूश करायचं ठरवलं. तिकडे इस्रायलमध्ये काहीतरी पेटलं होतं. जाधवांनी ग्रुपवर मुसलमानांबद्दल एक लांबलचक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, 'मावशींसाठी खास.' बाईंनी फोन उपडा ठेवला. गहू भिजले.

जाधव आले तेव्हा खोलीत आणखी एक खुर्ची होती. तिच्यावर पहिल्या मजल्यावर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टर सलमा बसल्या होत्या. त्यांना कशासाठी बोलावलंय ते सांगितलेलं नव्हतं. जाधवांची दाढ तेव्हा त्यांच्याकडेच चालू होती. अर्धं काम झालं होतं, अर्धं बाकी होतं.

"वाच," बाई म्हणाल्या.

"आवं मावशी, आलं ते पुढं ढकललं. मी कुटं लिवलंय?"

"म्हणूनच. लिहिलं नाहीस, निदान वाच तरी."

जाधवांनी सुरुवात केली आणि गालाला हात लावला. "दुखतंय जरा."

"बघू," डॉक्टर सवयीने म्हणाल्या आणि पुढे झाल्या. "आ करा."

जाधवांनी आ केला. बाईंनी फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "आता वाच. आ करूनच वाच."

डॉक्टरांनी फोनवरचा मेसेज पाहिला. मग त्या म्हणाल्या, "आजी, सोडा ना. उद्या यांचं रूट कॅनल आहे. त्यांना टेन्शन आलं तर मलाच त्रास." जाधव त्या दिवशी वाचू शकले नाहीत, म्हणून हलवाही मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी रूट कॅनल व्यवस्थित झालं. तिसऱ्या दिवशी ते आपण होऊन वर आले, सगळा मेसेज वाचला आणि म्हणाले, "मावशी, हे वाचाय लय वंगाळ वाटतंय." बाईंनी वाटी पुढे केली.

पुढच्या सर्वसाधारण सभेत जाधवांनीच ठराव मांडला, की सोसायटीची एक सलोखा समिती असावी आणि मावशी अध्यक्ष असाव्यात. बाईंनी समितीचं नाव तिथेच बदलून 'वाचन मंडळ' केलं. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात बैठक. ज्याने ढकलला त्याने वाचायचा. ज्याच्याबद्दल असेल तो माणूस समोर हवा. बिहारी वॉचमनबद्दलचा मेसेज बिहारी वॉचमनसमोर, गुजरात्यांबद्दलचा शहांसमोर, घाट्यांबद्दलचा जाधवांसमोर. काही महिन्यांत ग्रुपवर फुलं आणि सुप्रभात एवढंच उरलं. बाई त्यावरही नाराज होत्या. "फुलांना कोणासमोर बसवू?"

अशा वेळी तळमजल्यावर, बाईंच्या बाल्कनीच्या बरोबर खाली, जिम उघडली.

बोर्ड मोठा होता. लाल अक्षरं, आतून दिवे. त्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हुकूमशहाचं नाव होतं आणि पुढे 'जिम'. बाई ते नाव तोंडाने घेत नसत. 'तो मिशीवाला' म्हणत. घरात तोच नियम होता. मी ती खोली सोडून काही वर्षं झाली, नियम सोडलेला नाही. म्हणून ते नाव इथेही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी बाई शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा, तेलाचा दिवा लावत. त्या शुक्रवारी बोर्डाचा लाल उजेड बाल्कनीतून आत आला आणि छतावर, भिंतीवर, दिव्याच्या काचेवर बसला. बाईंनी पडदा ओढला. पडदा लाल झाला.

याच सुमारास त्यांची मुलगी रूथ हिचा इस्रायलहून फोन आला होता. नातीचं लग्न तिकडे ठरलं होतं, पण नातीचा हट्ट होता की मेंदी आजीच्याच घरी व्हायची. रूथ तिला घेऊन येणार होती, आणि या वेळी आईला घेऊनच परत जायचं, असं तिने बजावलं होतं. आपली माणसं तिथे उरली किती, तू एकटी, वय झालं, असा तिचा मुद्दा होता. बाईंचा मुद्दा वेगळा होता. "इथे भांडायला माणसं आहेत. तिथे मला कोणाशी भांडता येणार? हिब्रूत मला भाजीसुद्धा मागता येत नाही."

"रूथने हा बोर्ड बघितला," त्या मला म्हणाल्या, "की माझी बॅग तीच भरेल."

मी म्हटलं, पेपरात बातमी देता येईल. बोर्ड दोन दिवसांत उतरेल.

"नको. बातमी आली की जिमवाला हट्टाला पेटेल. शिवाय त्याचा फोटो छापशील. माणसाची लाज काढायची तर माझ्यासमोर, गावासमोर नाही."

गहू भिजले. या वेळी कोणी 'कोणासाठी' विचारलं नाही.

जिमचा मालक रूपेश. शेजारच्या गावठाणातला, आगरी, तिशीतला, दंड माझ्या मांडीएवढे. वाचन मंडळ त्याला माहीत नव्हतं. नवीन माणसाला जेवायला बोलावलंय असं समजून तो ऐटीत आला.

"खालच्या बोर्डावर काय लिहिलंयस, ते वाच," बाई म्हणाल्या.

रूपेशने वाचलं. खणखणीत, 'जिम'सकट. आणि वाटीकडे हात नेला.

बाईंनी वाटी मागे ओढली. "लाज नाही वाटली?"

"कशाची, आजी? माझे बापासचा नाव हाय."

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"बापूस लय कडक व्हता. हलदीला डीजे वाजला का हा जाऊन वायर उपटायचा. सगला गाव त्याला त्याच नावानं बोलायचा. बापाचे नावानं जिम काढली, गुना केला काय?"

"तो मिशीवाला कोण होता, माहीत आहे?"

"आजी, एवढा अडानी नाय मी. जर्मनीचा. शिस्तीचा मानूस."

"माझ्या माणसांना मारलं त्याने. लाखोंनी. पोरंबाळंसुद्धा."

रूपेशचा चेहरा खरोखर उतरला. "कवा? अलिबागला?"

बाईंची पद्धत लाजेवर चालत असे. इथे लाजच नव्हती, कारण द्वेषही नव्हता. त्या दिवशी त्यांनी त्याला सगळं सांगितलं, आगगाड्या, छावण्या, धूर. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "लय वाईट झाला. पन आजी, बापूस तसा नव्हता."

"मग बापाचं खरं नाव लाव. काय होतं?"

"हसुराम."

"लाव की."

"हसुराम जिमला कोन येल, आजी?"

त्याने वाचून दाखवलं होतं, म्हणून नियमाप्रमाणे हलवा द्यावा लागला. तो दोन वाट्या खाऊन, बाईंच्या पाया पडून गेला.

बाई बराच वेळ बाल्कनीत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "पोरगा बरोबर बोलला. तो मिशीवाला अलिबागला आला नाही. आमच्या घरातलं कोणी गेलं नाही. या मुलखात आम्हाला कोणी खडासुद्धा मारला नाही, पेपरवाल्या. तिकडे ते सगळं चाललं होतं तेव्हा माझे आजोबा घाण्याला बैल जुंपत होते."

"मग एवढा त्रास कशाला करून घेता?"

"तिकडचे ते मेले कशामुळे? जे नाव माझं आहे, ते त्यांचंही होतं म्हणून. मी वाचले ती मधे समुद्र होता म्हणून. त्यात माझी काही हुशारी नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी जिम लावली. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, पर्समध्ये पाण्याची बाटली. ट्रेडमिल सगळ्यात हळू लावून त्या तिच्यावर बाजारात निघाल्यासारख्या चालत. तरुण पोरांना सांगत, "वजन खाली ठेवताना ओरडू नकोस, वर माणसं राहतात." तिकडे जाण्यामागे त्यांचा काही बेत होता असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या, "बेत नाही. पद्धत चुकली कुठे ते बघायचंय."

ते त्यांना आठवडाभरात दिसलं. रोज सकाळी रूपेशची आई जिममध्ये यायची. काउंटरमागे हसुरामांचा हार घातलेला फोटो होता. ती त्याला उदबत्ती लावायची, फोटोशी नाही, स्वतःशीच काहीतरी पुटपुटायची आणि दारात जाऊन बोर्डाकडे बघत उभी राहायची. उद्घाटनाला ती आली नव्हती. विधवा बाई नारळाच्या वेळी पुढे नको, म्हणून घरीच बसली होती. एक दिवस ती बाईंच्या ट्रेडमिलजवळ आली.

"बगा ना ताई, पोरानं बापाचे नावाचा केवडा बोर्ड लावला. मला वाचता येत नाय, पन रोज बगते. लाल अक्षरान कसा शोभतंय त्यांचा नाव!"

बाईंचे पाय थांबले. पट्टा थांबला नाही. दोन पोरांनी त्यांना मागच्या मागे झेललं.

घरी येऊन त्या सोफ्यावर आडव्या झाल्या. "तिला वाटतं, तिथे हसुराम लिहिलंय."

"मग सांगून टाका."

"मी? कान फुंकू? ज्याने लिहिलं त्याने वाचायचं." जरा वेळाने म्हणाल्या, "नियम तोच आहे. मी फक्त चुकीच्या तोंडासमोर वाचायला लावलं."

त्यांनी रूपेशला बाजूला घेतलं आणि एवढंच सांगितलं: "बोर्ड एकदा आईला वाचून दाखव."

बाईंसमोर खणखणीत वाचणारा रूपेश टॉवेलने मान पुसायला लागला. "तिला कशाला, आजी?"

"तिच्या नवऱ्याचं नाव आहे ना?"

"तिला ते आवडत नव्हता," तो हळू म्हणाला. "गाव मागून बोलायचा. तोंडावर कोनी नाय. एकदा एकजन बोलला, त हिनं त्याचे अंगावर मासल्याचा पानी ओतला."

"मग वाच."

"उद्या वाचतो."

तो उद्या बरेच दिवस लांबला. मधल्या काळात दोघी बायकांची गट्टी जमली. रूपेशच्या आईने वर चिंबोऱ्या पाठवल्या. बाईंच्या धर्मात खवल्याचा मासा चालतो, चिंबोरी, म्हणजे खेकडा, चालत नाही. त्या मला मिळाल्या. बाईंनी तिला चिकाचा हलवा पाठवला. बिनअपराधी माणसाला हलवा गेल्याची इमारतीतली ती पहिलीच वेळ होती, आणि त्यावरून उगाच तर्क लढवले गेले.

रूथ यायच्या दिवशी सकाळी बोर्ड दिसेनासा झाला. उतरवला नव्हता. बाईंची मुलगी येणार म्हणून रूपेशने त्याच्यावर एका स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स बांधला होता. नवी मुंबईत कुठल्याही वस्तूवर असा फ्लेक्स आला तर कोणी चौकशी करत नाही. नेत्याचा वाढदिवस होऊन बरेच दिवस झाले होते. संध्याकाळी फ्लेक्समागचे दिवे लागले तेव्हा नेता आतून लाल झाला.

"सुचलं बरं," बाई म्हणाल्या, पण त्यांना ते आवडलं नव्हतं.

रूथ आणि नात आल्या, टॅक्सीतून उतरल्या, वर गेल्या. रूथने बोर्डाबद्दल काही विचारलं नाही. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. रूपेशच्या आईने मात्र खाली तमाशा केला. "बापाचं नाव झाकतोस? त्या मेल्याचा थोबाड लावून?" रूपेश म्हणाला, "चार दिवस, आई."

रविवारी दुपारी मलिदा होता. एलियाहू हनावी, म्हणजे प्रेषित एलिया, याच्या नावाने हा विधी करतात: गोड पोहे, खोबरं, सुकामेवा, फळं, मधे त्याचं ताट; तो येतो, पण दिसत नाही, असं मानतात. प्रार्थनेला बेने इस्राईल दहा पुरुष लागतात. ठाण्याहून, पनवेलहून जमवून नऊ झाले. मी हात वर केला. "तुला मोजत नाहीत," बाई म्हणाल्या. दहावा वाशी स्टेशनला रस्ता चुकला होता. तो आला तेव्हा त्याचं नवरदेवासारखं स्वागत झालं.

प्रार्थना झाल्यावर बायकांची मेंदी सुरू झाली. रूपेशची आई कोपऱ्यात बसली होती. शुभकार्यात आपण पुढे होऊ नये, या हिशेबाने. रूपेश थंड्याचे क्रेट वर आणत होता. उखाण्यांचा आग्रह सुरू झाला. बाई म्हणाल्या, "आधी मी." कोणीतरी चपापलं, बाई विधवा होत्या. बाईंनी घसा साफ केला:

"ट्रंक कॉल मागितला पुण्याचा, जोडला गेला पेणला,
आरोनरावांशी गाठ पडली, दोष देऊ कोणाला?"

हसणं ओसरल्यावर त्या कोपऱ्याकडे वळल्या. "आता तुम्ही."

"मी कशी, ताई? ते गेले."

"माझेही गेले. नाव कुठे गेलंय?"

रूपेशच्या आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. लग्नानंतर तिने ते नाव किती वेळा घेतलं असेल, सांगता येत नाही. गावात तिच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'रूपेशचा बापूस' म्हणतात. ती हळू, पण एका दमात म्हणाली:

"खाडीवरती पूल झाला, गावाभोवती शहर,
हसुरामांचं नाव झलकं लेकाच्या बोर्डावर."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. दारात रूपेश क्रेट घेऊन उभा होता. त्याने क्रेट खाली ठेवलं. फार सावकाश ठेवलं, वजन खाली ठेवताना बाई पोरांना सांगत तसं. मग तो जिना उतरून गेला.

प्रार्थनेला आलेले दहा पुरुष थोड्या वेळाने मलिद्याच्या पुड्या घेऊन खाली गेले, तेव्हा तो शिडीवर चढून फ्लेक्सच्या दोऱ्या कापत होता. शिडी हलत होती. ठाण्याच्या दोघांनी ती धरली. फ्लेक्स खाली आला आणि मागचा बोर्ड दिसला. त्यांनी तो वाचला, एकमेकांकडे पाहिलं. पनवेलच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मलिद्याची पुडी बगलेत धरली आणि विचारलं, "पाना कितीचा लागेल?" बोर्ड उतरवायला सगळ्यांचे हात लागले.

रूपेशची आई खाली आली. "का काढलास?"

"नाव नीट दिसत नव्हता, आई."

बाई जिन्यात उभ्या होत्या. अर्धवट खरं बोलणाऱ्याला त्यांनी कधी सोडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सोडलं.

नवा बोर्ड आठवड्यात लागला. 'हसुराम जिम', पांढऱ्या अक्षरांत. रूपेशने आईला समोर उभं करून तो वाचून दाखवला. एवढ्या मोठ्या छातीतून इतका बारीक आवाज निघालेला पोरांनी ऐकला नव्हता. बाईंनी हलव्याची वाटी तयार ठेवली होती. तो खाताना त्या म्हणाल्या, "पांढरा रंग ठीक आहे. 'जिम' जरा वाकडं आलंय." जिमला येणाऱ्यांची संख्या कमी झाली नाही. पोरं 'हसुला चाललो' म्हणत.

रूथची जायची वेळ आली. नात आधीच मैत्रिणींकडे मुंबईला गेली होती, विमानतळावर भेटणार होती. रूथची बॅग दारात होती. बाईंची बॅग भरलेली नव्हती, आणि त्याबद्दल दोघींपैकी कोणी बोलत नव्हतं. टॅक्सीवाल्याचा फोन आला. रूथने स्पीकर लावला. तो म्हणाला, "मॅडम, खाली उभा आहे, मॅपमध्ये दाखवतंय तिथेच," आणि त्याने जिमचं जुनं नाव घेतलं, स्पष्ट, सगळ्या अक्षरांसकट.

बाईंनी फोन उपडा करायला हात पुढे केला. रूपेशने वाचून दाखवल्यानंतर त्या घरात ते नाव पुन्हा कोणी उच्चारलं नव्हतं.

"आले त्याच दिवशी कळलं होतं, आई," रूथ फोन बंद करत म्हणाली. "येताना टॅक्सीतला फोन हेच बोलला. फ्लेक्सच्या मागे काय आहे, ते मला वर यायच्या आधी माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बघत होते, तू सांगतेस का."

"आणि?"

"नाही सांगितलंस. लपवलंस. म्हणजे तुला इथेच राहायचंय." तिने बॅग उचलली. "लिफ्ट चालू आहे का?"

"नाही."

रूथ जिना उतरायला लागली. जाता जाता तिने उजव्या चौकटीवरच्या मेझुझाला बोटं लावली आणि ओठांना टेकवली. बाई बाल्कनीतून टॅक्सी दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या. मग आत आल्या आणि चष्मा लावला.

"पेपरवाल्या, तो मॅपवाला कोण? राहतो कुठे?"

मी सांगितलं, की तो कोणी माणूस नाही. कोणीतरी कधीतरी नाव भरतं, मग यंत्र ते सगळ्यांना सांगत राहतं. रूपेशने बदलायला टाकलंय, होईल काही दिवसांत.

"म्हणजे तो समोर येतच नाही?"

"नाही."

बाईंनी विचार केला. त्यांच्या पद्धतीत याला उत्तर नव्हतं, हे त्यांना मान्य करायचं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या. मागे गव्हाचा डबा उघडल्याचा आवाज आला.

"येऊ दे कधीही," त्या आतून म्हणाल्या. "एलियाहूसुद्धा कुठे दिसतो? त्याचं ताट आपण मांडतोच."